आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: मोफत बाळंतपणात झालेल्या इजेची भरपाई कोण देणार?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

प्रत: मा. अध्यक्षा, महाराष्ट्र राज्य महिला आयोग

विषय: बाळंतपणात झालेल्या आणि नीट उपचार न मिळालेल्या इजांची नुकसानभरपाई

मा. मंत्रिमहोदय,

मी बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात आशा गटप्रवर्तक म्हणून काम करते. माझ्या हाताखालच्या आशाताई गरोदर बाईची नोंद करतात, तिला दवाखान्यात नेतात आणि बाळ दीड महिन्याचे होईपर्यंत तिच्या घरी जात राहतात. त्यांनी भरलेले फॉर्म माझ्याकडे येतात. बाळंत होताना ज्यांचे अंग खोलवर फाटले, ते कुणी नीट पाहिले नाही की नीट शिवले नाही आणि ज्यांचा लघवी-संडासवरचा ताबा गेला, त्या बायांबद्दल हे पत्र आहे. त्यांना सरकारने नुकसानभरपाई द्यावी आणि त्यासाठी आधी कुणा डॉक्टरला दोषी ठरवावे लागू नये, अशी माझी मागणी आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. राज्याचा मातामृत्यू दर २०१८ ते २०२० या काळासाठी लाख जिवंत जन्मांमागे ३३ निघाला, देशात केरळच्या खालोखाल सर्वांत कमी. या आकड्यांमागे आशा, नर्सबाई, एकशे आठवरचे चालक आणि रात्रपाळीचे डॉक्टर यांचे कष्ट आहेत, आणि मला त्याचा अभिमान आहे. एखादी माता दगावली तर तिची चौकशी होते. घरी जाऊन नातेवाइकांचे जबाब घेतले जातात, कुठे उशीर झाला ते शोधले जाते, कागद जिल्ह्यापर्यंत जातो. ते तसेच व्हायला हवे. पण जी जगली आणि मोडून घरी आली, तिच्यासाठी असा एकही कागद नाही.

आमच्याच फॉर्मचे पाहा. गृहभेटीच्या फॉर्ममध्ये आईसाठी प्रश्न आहेत: जेवण किती वेळा, दिवसात किती पॅड बदलले, ताप आहे का, घाण वास येणारे पाणी जाते का, झटके येतात का, दूध येते का, स्तनांना भेगा पडल्या का. संडास रोखता येते का, लघवी आपोआप गळते का, हा प्रश्न नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशा सहा वेळा त्या घरी जाते. तिसऱ्या दिवशी जाते, सातव्या दिवशी जाते, चौदाव्या दिवशी जाते, आणि बेचाळिसाव्या दिवशी शेवटची भेट देते. एवढ्या वेळा दारात जाणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारायला कुणी सांगितलेले नाही. बाळंतीण आपणहून बोलणार नाही. सासू शेजारी बसलेली असते, आणि ही गोष्ट तर आईलाही सांगायची लाज वाटते.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायांची तपासणी करून १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते की ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यातल्या फारच थोड्यांची आधी कधी तपासणी झाली होती. तेव्हा बाळंतपणे घरी होत होती. आता ती आपल्या दवाखान्यात होतात. म्हणजे त्रास लपून राहण्याचे जुने कारण गेले. दुखणे आपल्या छताखाली घडते, आपल्या माणसांसमोर घडते, आणि तरीही आपल्या कागदावर येत नाही.

एका मुलीबद्दल लिहिते. तिचे नाव, गाव, दवाखाना काहीही देणार नाही. तिनेच सांगितले आहे, ताई, काय झालं ते लिहा, नाव नको.

बावीस वर्षांची पहिलटकरीण. नवरा-बायको दोघे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणारे. कळा लांबल्या, बाळ मोठे होते, रात्री उशिरा व्हॅक्यूम लावून बाळ काढले. त्याआधी दोन जणींनी तिच्या पोटावर जोर देऊन दाबले होते. (जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शिकेत पोट असे दाबू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तरी ते सर्रास चालते, आणि बाईला वाटते की तिच्या मदतीसाठीच दाबत आहेत.) मग टेबलावरच टाके घातले गेले. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते: एफटीएनडी विथ आरएमएलई. म्हणजे पूर्ण दिवसांची नॉर्मल डिलिव्हरी, योनीमुखाला उजवीकडे छेद देऊन. फाटल्याचा एक शब्द नव्हता.

चौथ्या दिवशी तिला कळले की वारा सरतो तो रोखता येत नाही. मग कपडे खराब होऊ लागले. दवाखान्यात दाखवले तर टाके ओले आहेत, सुकले की होईल बरे, असे सांगून परत पाठवले. घरात सांगितले गेले की पहिल्या वेळी सगळ्याच बायांना असे होते. दिवाळीनंतर ती बाळ घेऊन टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर गेली, कारण मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. फडावर संडास नसतो. पाणी दूर असते. मोळी डोक्यावर घेतली की जोर पडतो आणि मग सगळे पायांवर उतरते. काम बुडाले की खाडा धरतात आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. तिचे खाडे एवढे झाले की गावी परतताना मागच्या वर्षीपेक्षा जास्त कर्ज घेऊन आले दोघे. नवरा बाहेर झोपू लागला. लग्नाकार्यात जाणे तिने बंद केले. एसटीत बसायला नको म्हणून माहेरी जाणे सोडले.

पुढे शहरातल्या एका सर्जनबाईंनी तिला तपासले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. गुदद्वाराभोवतीचा स्नायू तुटलेला होता आणि तो कधी जुळवलाच नव्हता. वरची कातडी शिवली होती, खाली तुटलेला स्नायू तसाच. शिवाय योनीमार्ग आणि गुदाशय यांच्यात एक छिद्र राहिले होते. तिच्यावर तीन शस्त्रक्रिया झाल्या: आधी पोटावरून संडासची वाट काढून पिशवी लावली, मग आतली दुरुस्ती केली, मग पोटावरची वाट बंद केली. शेळ्या विकल्या, जोडवी विकली, सावकाराकडून आणले. आता ती बरीच बरी आहे. पूर्ण बरी नाही.

फाटणे हा कुणाचा गुन्हा नाही, हे मी आधीच मान्य करते. पहिले बाळंतपण, मोठे बाळ, चिमटा किंवा व्हॅक्यूम, लांबलेली वेळ अशी कारणे असली की उत्तम डॉक्टरच्या हातूनही बाईचे अंग तिसऱ्या-चौथ्या श्रेणीपर्यंत फाटू शकते. तिसऱ्या श्रेणीत गुदद्वाराचा स्नायू तुटतो, चौथ्यात आतले अस्तरही फाटते. ज्याची भरपाई मी मागते आहे ते नुकसान त्यानंतरचे आहे. बाळ आल्यावर टाके घालण्याआधी आणि घातल्यानंतर एक बोट गुदद्वारात घालून तपासायचे असते. एका मिनिटाचे काम आहे. त्यात स्नायू तुटलेला कळतो. कळला की बाईला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायचे, भूल द्यायची, चांगल्या उजेडात, शिकलेल्या हाताने तो स्नायू जुळवायचा. मग प्रतिजैविके, संडास मऊ राहील असे औषध, सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासणी, आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम. हे वेळेवर झाले तर बहुतेक बायांचे आयुष्य सावरते. झाले नाही तर माझ्या गावच्या मुलीचे झाले तसे होते.

लघवीचेही तसेच. बाळ अडून डोक्याचा दाब मूत्राशयावर फार वेळ राहिला, तर तिथला भाग मरतो आणि काही दिवसांनी छिद्र पडून लघवी अखंड गळू लागते. ते लवकर ओळखून काही आठवडे नळी ठेवली तर लहान छिद्र कधीकधी आपोआप भरून येते. उशीर झाला की शस्त्रक्रियेशिवाय गत्यंतर नसते. अंग बाहेर येणे, टाके उसवून पू होणे, हेही आहेच. काही बायांना शेवटी कुणीतरी सांगते, गर्भपिशवी काढून टाक, कटकट जाईल. ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. त्या बायांपैकी कितीजणींचे मूळ दुखणे एखाद्या न ओळखलेल्या बाळंतपणाच्या इजेत होते, हे कुणी तपासले का, असे मला विचारावेसे वाटते. स्नायू तुटलेला असेल तर पिशवी काढून तो जुळत नाही.

आता भरपाईचे. मी त्या मुलीला घेऊन तालुक्याच्या विधी सेवा समितीत गेले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, आणि तो खरोखर मिळाला. वकीलताई चांगल्या होत्या, त्यांनी आम्हाला बसवून एकेक दार दाखवले. आणि एकेक दार कसे बंद आहे तेही दाखवले.

पहिले दार ग्राहक आयोगाचे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले की डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात बसते. त्या निकालातच एक सीमा आखली आहे. दवाखाना काहींकडून पैसे घेत असेल आणि काहींना मोफत उपचार देत असेल, तर मोफत उपचार घेणाराही ग्राहक ठरतो. पण जिथे सगळ्यांनाच सगळे मोफत आहे तिथला रुग्ण ग्राहक नाही. नोंदणीची किरकोळ फी भरली तरी नाही. आता, मंत्रिमहोदय, आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांतले उपचार मोफत केले. प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केस पेपरचेही पैसे नाहीत. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, मी स्वतः गावोगाव तो सांगितला. पण त्याच निर्णयाने ग्राहक आयोगाचे दार या बायांसाठी लागले. खाजगी नर्सिंग होममध्ये पैसे मोजून बाळंत झालेली बाई आयोगात जाऊ शकते, आणि सेवेचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिला तक्रारीची फीही लागत नाही. त्याच इजेची, त्याच गावची, सरकारी दवाखान्यात बाळंत झालेली बाई जाऊ शकत नाही. जी गरीब म्हणून आपल्याकडे आली तिच्याच हातातला हक्क कमी झाला. असे व्हावे हा निर्णयाचा हेतू नव्हता, याची मला खात्री आहे. म्हणूनच ते दुरुस्त करावे अशी विनंती करते.

दुसरे दार दिवाणी कोर्टाचे. सरकारविरुद्ध दावा, म्हणजे आधी दोन महिन्यांची नोटीस, मग दावा, मग अपील. वकीलताईंनी आम्हाला आपल्याच राज्याचा एक खटला सांगितला. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात एक बाई बाळंत झाली, त्याच मुक्कामात तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडी टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण ती वाचली नाही. तिच्या घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते फिरवले. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९६ साली निकाल लागला, की सरकारी दवाखान्यातल्या निष्काळजीपणाची भरपाई सरकारने द्यायची. म्हणजे कायद्याचे उत्तर आपल्याजवळ आहे, ते आपल्याच राज्याविरुद्ध मिळालेले आहे. पण बाई गेल्यापासून ते उत्तर यायला ३३ वर्षे लागली, आणि रक्कम तीच राहिली, ३६ हजार. जन्मलेला मुलगा तोवर तिशी ओलांडून गेला.

मुदतीचाही प्रश्न आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावे लागते, उशिराला सबळ कारण द्यावे लागते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सरकारी परिचारिकेचे प्रकरण होते. १९९३ च्या शस्त्रक्रियेत तिच्या पोटात गॉज राहिला, २००२ मध्ये तो सापडला. मधली वर्षे तिने वेदनाशामक गोळ्यांवर काढली. न्यायालयाने म्हटले, ती स्वतः परिचारिका आहे, दुखत होते तेव्हाच तिने विचारायला हवे होते, मुदत गेली. शिकलेल्या, दवाखान्यात नोकरी करणाऱ्या बाईचे हे झाले. माझ्या डोंगरातली बाई, जिला सासूसमोर तोंड उघडता येत नाही, जिला डॉक्टरनेच सांगितले आहे की होईल बरे, ती दोन वर्षांत कुठे पोचणार? तिचे निम्मे वर्ष तर परजिल्ह्यातल्या फडावर जाते.

फौजदारी दार आम्ही स्वतः उघडले नाही. त्या मुलीला कुणाला तुरुंगात पाठवायचे नाही, मलाही नाही. त्या रात्री त्या दवाखान्यात एक डॉक्टर आणि दोन सिस्टर होत्या, आणि टेबलावर आणखी बाया होत्या. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात डॉक्टरवर गुन्हा दाखल करण्याआधी निष्काळजीपणा फार ठळक असला पाहिजे असे सांगितले आहे, आणि ते मला पटते.

एक दार मात्र आपणच बांधायचे कबूल केले होते. दवाखान्यांवर हल्ले होतात म्हणून राज्याने २०१० साली वैद्यकीय सेवा व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसाचाराविरुद्ध कायदा केला. त्याचा फलक प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर आहे, तीन वर्षे कैद आणि ५० हजार दंड. तो फलक असावा, माझ्या नर्सबाईंना त्याची गरज आहे. पण याच कायद्यात आणखी एक कलम आहे, की वैद्यकीय हलगर्जीपणाने नुकसान झालेल्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी आणि त्यांना योग्य मंचाकडे जायला मदत व सल्ला देण्यासाठी सरकारने एक प्राधिकरण नेमावे, ज्यात वैद्यक, कायदा, ग्राहक चळवळ आणि आरोग्य व्यवस्थापन या क्षेत्रांतले जाणकार असतील. त्या कलमाचा फलक मी कोणत्याही भिंतीवर पाहिलेला नाही. आमच्यासाठी हे प्राधिकरण कुठे बसते, हे मी विचारत गेले तेव्हा मला कुणी सांगू शकले नाही. एका कायद्याचे एक कलम लोकांना वाचून दाखवायचे आणि दुसरे दाखवायचे नाही, हे न्यायाचे नाही.

आता आपल्याच विभागातली एक व्यवस्था आपल्यासमोर ठेवते, कारण माझ्या मागणीसाठी नवे काही शोधावे लागत नाही. नसबंदीची शस्त्रक्रिया फसली, बाईला पुन्हा दिवस गेले, तर सरकार भरपाई देते. ही योजना २००५ पासून देशभर आहे, सर्वोच्च न्यायालयाने रमाकांत राय खटल्यात आदेश दिल्यानंतर ती आली, आणि २०१३ पासून राज्ये ती स्वतः चालवतात. तेव्हाचे दर असे: मृत्यू झाला तर २ लाख, शस्त्रक्रिया फसली तर ३० हजार, गुंतागुंत झाली तर उपचाराचे २५ हजारांपर्यंत. डॉक्टर चुकला हे बाईला सिद्ध करावे लागत नाही. शस्त्रक्रिया फसली, तपासणीत दिसले, फॉर्म भरला, जिल्ह्याची समिती पाहते, पैसे मिळतात. माझ्या आशांनी असे फॉर्म भरले आहेत. त्याच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर दोन बाया असतात. एकीची नसबंदी फसते, तिला फॉर्म आहे. दुसरीचा स्नायू तुटलेला राहतो, तिला फॉर्म नाही. मूल होणे थांबवताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी सरकार घेते, तर मूल जन्माला घालताना झालेल्या नुकसानीची का घेत नाही?

न्यूझीलंडमध्ये अपघाताने झालेल्या इजेची भरपाई दोष न शोधता देण्याची पद्धत १९७४ पासून आहे. तिथेही बाळंतपणाच्या इजा बरीच वर्षे बाहेरच राहिल्या. बायांनी आवाज उठवला, कायदा बदलला, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून बाळंतपणात फाटणे, अंग बाहेर येणे अशा इजांची यादीच त्या कायद्यात आली. तो देश श्रीमंत आहे हे खरे. पण ही गोष्ट अपघाती इजा आहे हे मान्य करायला श्रीमंती लागत नाही.

मला लोकांनी घातलेल्या शंका आपल्यालाही घातल्या जातील. एक म्हणजे, पैसे मिळणार म्हटल्यावर खोटे दावे येतील. तुटलेला स्नायू बोटाने कळतो आणि सोनोग्राफीत दिसतो, छिद्र डोळ्यांनी दिसते. या इजेचे सोंग आणता येत नाही, आणि कुठलीही बाई हौसेने असा दावा लावणार नाही. दुसरी शंका अशी की डॉक्टर घाबरतील, बाया पुढे पाठवत बसतील, सिझेरियन वाढतील. नेमके याचसाठी मी दोष न शोधणारी भरपाई मागते आहे. आज खरे लिहिले तर आपण अडकू ही भीती आहे, म्हणून कार्डावर फाटल्याचा उल्लेख येत नाही. भरपाई वेगळ्या निधीतून, डॉक्टरच्या नावाशी न जोडता मिळाली, तर तो मोकळेपणाने लिहील, आणि लिहिले की पुढचे उपचार वेळेवर होतील. ज्या ठिकाणी वारंवार तेच घडते तिथे प्रशिक्षण द्यायचे, उजेड द्यायचा, माणसे द्यायची, की कुणाला जाब विचारायचा, हे विभाग नंतर ठरवू शकतो. त्या चौकशीसाठी बाईचे पैसे अडकून राहू नयेत.

भरपाई कशाची, हेही सांगते, कारण ‘मदत’ म्हणून पाच-दहा हजारांचा धनादेश आणि फोटो, असे व्हायला नको. दुरुस्तीची शस्त्रक्रिया कुठल्याही दवाखान्यात झाली तरी तिचा खर्च, सोबतच्या माणसाचा प्रवास आणि मुक्काम, बुडालेली मजुरी किमान वेतनाच्या दराने, रोजचे पॅड आणि औषध, आणि जी पूर्ण बरी होणारच नाही तिला महिन्याला कायमची रक्कम. पुढच्या खेपेला तिचे बाळंतपण कसे करायचे, सिझेरियन लागेल का, हा सल्ला तिच्या कार्डावर लाल अक्षरात लिहिलेला असावा, म्हणजे दुसऱ्या गावच्या दवाखान्यालाही कळेल. मुदत बाळंतपणाच्या तारखेपासून न मोजता इजेचे निदान झाल्यापासून मोजावी. आणि ज्यांची बाळंतपणे आधीच झाली आहेत त्यांनाही यात घ्यावे. न्यूझीलंडने मागच्यांना बाहेर ठेवले, तेवढे आपण त्यांच्याकडून घेऊ नये.

कागद मिळणे सोपे करावे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात, आणि ती तीन वर्षे जपायची असतात. प्रत्यक्षात बाईला कार्डाची झेरॉक्स मिळवायलाही ओळख लागते. बाळंतपणाचे पूर्ण केस पेपर डिस्चार्जच्या वेळीच तिच्या हातात द्यावेत. पार्टोग्राफ (कळा कशा पुढे सरकल्या याचा तक्ता), किती वेळ कळा चालल्या, व्हॅक्यूम लावला का, छेद दिला का, कुठवर फाटले, कोणी शिवले, हे सगळे तिचे आहे.

यातल्या काही गोष्टींना मंत्रिमंडळ लागेल, वित्त विभाग लागेल, कदाचित कायद्यात बदल लागेल. त्याला वेळ जाईल हे मला कळते. पण गृहभेटीच्या फॉर्ममध्ये दोन प्रश्न वाढवायला तेवढा वेळ लागत नाही. लघवी न कळता गळते का? संडास किंवा वारा रोखता येतो का? उत्तरातून त्रास आहे असे कळले की त्या बाईला कुठे, कोणत्या दिवशी, कुणाकडे पाठवायचे याचे एक परिपत्रक काढा, आणि जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस अशा बायांच्या तपासणीसाठी ठेवा. माझ्या आशा हे प्रश्न तोंडी विचारू लागल्या आहेत. सासूला चहा ठेवायला पाठवायचे आणि मग विचारायचे, एवढे आम्ही आमच्यात ठरवले आहे. उत्तरे येत आहेत. ती लिहायला फॉर्मवर जागा नाही म्हणून आम्ही ती वहीत लिहितो, आणि त्या बायांना पुढे कुठे न्यायचे हे आम्हाला कुणी सांगत नाही.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरते. त्याआधी २०१० च्या कायद्यातले प्राधिकरण नेमले आहे का आणि ते कोणत्या पत्त्यावर बसते, हे आपल्या विभागाने जिल्हावार जाहीर करावे, आणि अधिवेशनात बाळंतपणातील इजांच्या भरपाई निधीबद्दल निवेदन करावे, ही विनंती. माझे नाव, पत्ता आणि त्या मुलीची संमती तिच्या सहीसह आपल्या कार्यालयात दिलेल्या प्रतीला जोडली आहे. तिच्या केस पेपरच्या प्रती लागल्या तर मी त्या स्वतः घेऊन येईन.

आपली,
एक आशा गटप्रवर्तक